उजवीकडचं मागचं चाक

सप्टेंबर १९९७. ऑस्ट्रियातल्या ए-वन रिंगवर फॉर्म्युला वनची शर्यत चालू होती आणि डॅरेन हीथ या ब्रिटिश छायाचित्रकाराला एक गोष्ट खटकली. मॅक्लॅरनच्या गाडीची मागची ब्रेक डिस्क लालबुंद दिसत होती. शर्यतीत डिस्क लाल होतेच, त्यात नवल नाही. पण ती वळणाआधी होते, ड्रायव्हर सगळा जोर लावून ब्रेक दाबतो तेव्हा. ही डिस्क वळणातून बाहेर पडताना पेटलेली होती, गाडी वेग घेत असताना. स्वयंपाक कधीच आटोपलाय आणि चूल मात्र धगधगतेय, असला प्रकार.

पुढच्याच आठवड्यात, २८ सप्टेंबरला, जर्मनीत नुर्बुर्गरिंगला शर्यत होती. (नाव मात्र लक्झेंबर्ग ग्रां प्री. फॉर्म्युला वनचा भूगोल हा स्वतंत्र विषय आहे.) मॅक्लॅरनचे हॅकिनेन आणि कूल्टहार्ड पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर पळत होते, आणि दोघांचीही इंजिनं लागोपाठ बसली. मर्सिडीजची इंजिनं, मर्सिडीजच्याच अंगणात. संघ कपाळाला हात लावून बसला असताना हीथ मात्र बंद पडलेल्या गाडीकडे पळाला आणि ड्रायव्हरच्या पायाशी जी अंधारी पोकळी असते तिच्यात कॅमेरा घालून फोटो काढून आला. फिल्म धुतल्यावर दिसलं ते असं: क्लच हाताशी असणाऱ्या त्या गाडीत दोनच पॅडल असायला हवी होती, तिथे तीन होती. तिसरं पॅडल दाबलं की मागच्या एकाच चाकाला ब्रेक लागत असे.

आपल्याकडे ज्याने शेतात ट्रॅक्टर चालवलाय त्याला यात गुपित असं काही वाटणार नाही. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. बांधाशी पोचलं की आतल्या बाजूचं दाबायचं. ते चाक जागीच थबकतं, बाहेरचं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर हातभर जागेत वळतो. रस्त्यावर काढताना दोन्ही पॅडल खिट्टीने जोडायची, नाहीतर ऐन वेगात एकच दाबलं जाऊन उलटायची भीती. बैलगाडीचा गाडीवानही कासरा ओढून आतल्या बैलाला आवरतो आणि बाहेरच्याला चालू देतो, ते याच तत्त्वावर. मॅक्लॅरनच्या अभियंत्यांनी शोध लावला तो एवढाच, की ही युक्ती ताशी दोनशे किलोमीटरलाही चालते.

१९९८च्या पहिल्या शर्यतीत मॅक्लॅरनने बाकी सगळ्यांना एक फेरी मागे टाकलं. दुसऱ्या शर्यतीला, ब्राझीलमध्ये, फेरारीने तक्रार केली आणि पंचांनी ते पॅडल बंद करायला लावलं. तक्रारीचा मुद्दा होता की हा ब्रेक नव्हेच, हे दुसरं स्टिअरिंग आहे.

या लेखाचा विषय तोच आहे. ब्रेकचा उपयोग गाडी थांबवण्याऐवजी वळवण्यासाठी आणि सावरण्यासाठी होऊ लागला, तर ब्रेकचं काय होतं? आणि त्याचे पैसे कोण भरतं?

मला हा प्रश्न पडला तो भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये. कॉलेजात मेकॅनिकल शिकलो असलो तरी पुढे पोट भरलं शब्दांवर, त्यामुळे गॅरेजमध्ये मी चहा प्यायच्या निमित्तानेच जातो. त्या दिवशी लिफ्टवर दोन दारांची एक परदेशी स्पोर्ट्स कार चढवलेली होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. मालक तिशीतला, हिंजवडीत नोकरी करणारा. गाडी ट्रेलरवर चढवून ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटवर नेली होती, दोन दिवस मनसोक्त पळवली होती, आणि आता मागून लोखंड लोखंडावर घासल्यासारखा आवाज येत होता. मिस्त्रीने चारही चाकांचे पॅड काढून बाकड्यावर जुना पेपर पसरून त्यावर मांडले. प्रत्येक चाकाचे दोन, एकूण आठ.

शाळेत शिकलेलं शास्त्र असं सांगतं की ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात आणि पुढचेच आधी झिजतात. बाकड्यावर उलटं होतं. पुढचे सहा मिलिमीटरच्या आसपास शिल्लक. मागचा डावा चार. मागचा उजवा जेमतेम दोन.

मी पदवीचा मान राखत म्हणालो, ‘‘कॅलिपरची पिन अडकली असेल.’’

‘‘पिना बघितल्या साहेब, मोकळ्या आहेत. अडकली असती तर आतला नाहीतर बाहेरचा, एकच पॅड खाल्ला असता. हे बघा, दोन्ही सारखे गेलेत.’’ मग तो मालकाकडे वळला. ‘‘तिकडं ट्रॅकवर उजवीकडं जास्त वळायचं असतं का?’’

बुद्ध सर्किटवर गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात. म्हणजे एकूण हिशेबात उजवीकडेच जास्त वळायचं.

मिस्त्री बारामतीकडचा. उमेदवारी केली ती ट्रॅक्टरच्या गॅरेजात. हात पुसत म्हणाला, ‘‘मग ही गाडी ट्रॅक्टरसारखी वळती.’’

गाडीतलं हे तिसरं पॅडल माणसाच्या पायाखाली नसतं. ते संगणक दाबतो. त्याची हकीकत सुरू होते स्वीडनमधल्या एका खड्ड्यातून. १९८९च्या फेब्रुवारीत मर्सिडीजचा फ्रांक-वेर्नर मोन हा तरुण अभियंता हिवाळी चाचण्यांसाठी तिथे गेला होता. बर्फाळ रस्त्यावरून गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यात जाऊन बसली. ओढून काढणारी गाडी येईपर्यंत विचार करण्यापलीकडे दुसरा उद्योग नव्हता. त्याच्या मनात आलं की एबीएसमुळे प्रत्येक चाकाचा वेग गाडीला कळतोच आहे, प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा सोडताही येतो. मग गाडी घसरतेय हे तिला कळलं, तर ती स्वतःच एखादं चाक आवरून धरू शकणार नाही का? गाडी स्वतःभोवती फिरू लागलीय हे ओळखायला घूर्णदर्शी, म्हणजे जायरोस्कोप, हवा होता. पहिले प्रयोग त्यांनी खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधून काढलेल्या घूर्णदर्शीवर केले म्हणतात. इकडे बॉशमध्ये अँटन फान झांटेन या मूळच्या डच अभियंत्याचा गट याच दिशेने काम करत होता. दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि १९९५मध्ये मर्सिडीज एस ६०० कूपे या महागड्या गाडीत ही यंत्रणा पहिल्यांदा बसली. तिचं नाव ईएसपी. पुढे प्रत्येक कंपनीने आपापलं बारसं केलं: पोर्शेने पीएसएम, बीएमडब्ल्यूने डीएससी. सर्वसाधारण नाव ईएससी, तेच इथे वापरतो. फान झांटेनला २०१६मध्ये युरोपियन पेटंट कार्यालयाचा जीवनगौरव मिळाला.

श्रीमंतांच्या गाडीतली ही चीज सगळ्यांच्या गाडीत आली ती एका फजितीमुळे, आणि ती फजिती घडली हीथच्या फोटोनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी. २१ ऑक्टोबर १९९७ला स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स वर्ल्ड’ या मासिकाचा पत्रकार मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास तपासत होता. रस्त्यात अचानक एल्क, म्हणजे तिकडचं सांबरापेक्षा धिप्पाड हरीण, आडवं आलं तर गाडी झटकन डावी-उजवी करून वाचवता येते का, अशी ही चाचणी. ए-क्लास उलटली. जर्मन वृत्तपत्रांनी टवाळी केली की पूर्व जर्मनीची डबडी ट्राबांट गाडीसुद्धा यापेक्षा बरी. मर्सिडीजने विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी फुकट बसवून दिलं. मग छोट्या गाडीत हे मिळतं तर मोठ्या गाडीत का नाही, असं गिऱ्हाईक विचारू लागलं.

या यंत्रणेमुळे किती जीव वाचले याबद्दल वाद उरलेला नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात, एकाच गाडीच्या प्राणघातक अपघातांचा धोका ईएससीमुळे जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. अमेरिकेने २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपने नोव्हेंबर २०१४पासून सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची केली. वायपरसारखी, ‘ज्याला झेपेल त्यानेच चालवावी’ अशी मिरवणारी अमेरिकन स्पोर्ट्स कारही २०१३च्या मॉडेलमध्ये मुकाट्याने ईएससी घेऊन आली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या सुरक्षा-मानांकनात तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ईएससी लागतेच. इतकं पुण्य गाठीला असलेल्या यंत्रणेवर पॅड खाल्ल्याचा आरोप करायचा, म्हणजे पुरावा पक्का हवा.

आता ती करते काय, ते नीट पाहू. स्टिअरिंग किती फिरवलं यावरून ड्रायव्हरला कुठे जायचंय ते तिला कळतं. चाकांचे वेग, बाजूला बसणारा रेटा आणि गाडी स्वतःभोवती किती झपाट्याने फिरतेय, यावरून गाडी खरोखर कुठे चाललीय ते कळतं. बॉशच्या म्हणण्याप्रमाणे सेकंदाला पंचवीस वेळा ही दोन उत्तरं ताडून पाहिली जातात. जुळली, तर यंत्रणा गप्प. न जुळण्याचे प्रकार दोन. एक, गाडी वळायलाच तयार नाही, नाक बाहेर ओढत सरळ चाललीय. याला अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी आतल्या बाजूचं मागचं चाक आवरलं जातं, ट्रॅक्टरसारखंच. दुसरा, मागची बाजू निसटून पुढे यायला बघतेय, म्हणजे ओव्हरस्टिअर. तेव्हा बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक आवरलं जातं. चारांपैकी बहुतेकदा एकच चाक, तेही सेकंदाच्या काही अंशापुरतं. सोबत इंजिनचा जोरही कमी केला जातो. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकतं आणि बाजूला बसलेल्या बायकोला काही कळण्याआधी सगळं निस्तरलेलं असतं.

रोजच्या रस्त्यावर या प्रसंगांचा पॅडवर होणारा परिणाम म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी काढणं. ताम्हिणीत पावसाळ्यात महिन्यातून दोनदा दिवा लुकलुकला म्हणून कुणाचे पॅड लवकर गेले, असं होत नाही. ज्यांच्या गाडीचे मागचे पॅड रस्त्यावरच आधी संपतात त्यांनी ईएससीला बोल लावू नये. त्याची कारणं साधी असतात. हल्लीच्या गाड्या हलक्या ब्रेकिंगमध्ये मागच्या चाकांना मुद्दाम जास्त वाटा देतात, म्हणजे नाक खाली दबत नाही. शिवाय मागचा पॅड मुळातच पातळ असतो. कधी पार्किंग ब्रेक पुरता सुटलेला नसतो.

ट्रॅकवर मात्र तांब्याभर पाण्याचा हिशेब बदलतो. कसा, ते पाहायला मी चहाच्या बिलामागे थोडं गणित केलं. गणिताची ॲलर्जी असलेल्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण खरी गंमत त्यातच आहे.

दीड टनाची गाडी ताशी दोनशेवरून ऐंशीवर आणायची. हवेचा विरोध सोडून दिला तर ब्रेकना साधारण साडेएकोणीस लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. घरच्या भाषेत, सहा लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता, आणि तीही तीन-साडेतीन सेकंदांत. यातला सत्तर टक्के वाटा पुढच्या दोन चाकांनी उचलला असं धरू. मग मागच्या प्रत्येक चाकाच्या वाट्याला सुमारे २ लाख ९० हजार ज्यूल येतात. आता ईएससीची एक चापटी. गाडी ताशी १२० किलोमीटरने वळणात आहे, आतल्या मागच्या चाकावर दीडशे किलोच्या आसपास जोर लावला, अर्धा सेकंद. हिशेब होतो २५ हजार ज्यूल. एकूण साडेएकोणीस लाखांपुढे ही चिल्लर आहे. पण ती चिल्लर चार चाकांत वाटली जात नाही, एकाच्याच खिशातून जाते. त्या एका चाकापुरतं पाहिलं, तर अशा बारा चापट्या म्हणजे एक अख्खं कडक ब्रेकिंग.

आणि बारा वळणं ट्रॅकवर कितीशा वेळात येतात? ज्या नुर्बुर्गरिंगवर हीथने तो फोटो काढला, त्याच्याच शेजारी १९२७पासूनचा जुना रस्ता आहे, नॉर्डश्लाइफे. आयफेलच्या डोंगरात चढत-उतरत जाणारा २०.८ किलोमीटरचा एकदिशा घाट. आजही ठरलेल्या दिवशी तिकीट काढून कुणीही आपली गाडी तिथे घालू शकतो. स्टुटगार्टच्या वाहन कंपन्यांत काम करणारी मराठी अभियंता मंडळी सुट्टीच्या दिवशी पोळी-भाजीचा डबा घेऊन तिथे जातात, हे मला त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं. कंपन्या आपल्या स्पोर्ट्स कार याच रस्त्यावर घडवतात आणि मिनिट-सेकंदांच्या जाहिराती करतात. तिथे ७३ वळणं आहेत. ३३ डावी, ४० उजवी. प्रत्येक वळणावर आतल्या मागच्या चाकाला वरच्या हिशेबातली एक चापटी बसली असं धरलं, तर एका फेरीत उजव्या मागच्या चाकाला दहा लाख ज्यूल जास्तीचे. म्हणजे जवळजवळ साडेतीन कडक ब्रेकिंग, जी ड्रायव्हरने केलेलीच नाहीत. डाव्याला सव्वाआठ लाख. बाकड्यावरचा फरक येतो तो असाच.

यापेक्षा वाईट गोष्ट वेगळी आहे. ब्रेकना काम झेपतं ते मध्ये विसावा मिळतो म्हणून. वळणाआधी तापायचं, सरळ पट्ट्यावर वारा खाऊन निवायचं, पुन्हा तापायचं. बुद्धवर तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, तो अशा विसाव्याचा. पण वळणातून बाहेर पडताना ड्रायव्हरने घाईने पाय दिला, आतलं चाक सुटून फिरू लागलं, की यंत्रणा तेच चाक ब्रेकने आवळते. इंजिन ढकलतंय आणि ब्रेक धरतोय. खंडाळ्याच्या घाटात हँडब्रेक न काढता ट्रक चढवण्यासारखं. निवायची वेळ झाली असताना डिस्क आणखी तापते, आणि पॅडची झीज तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. पॅडमधला माल बांधून ठेवणारं राळेसारखं रसायन तीन-चारशे अंशांपुढे सुटू लागतं. तिथून पुढे पॅड झिजत नाही, जळतो. बोरघाट उतरताना ट्रकच्या मागे जो उग्र वास नाकात बसतो, तो याच जळण्याचा.

पॅडपाठोपाठ ब्रेक ऑइल. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषत राहतं आणि ठरावीक प्रमाणात ओल मुरलेल्या ऑइलची हमी १५५ अंशांपुरतीच. उकळलं की बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पॅडल पायाखालून पार तळाशी जातं. मागच्या एका चाकाचा ब्रेक इतरांपेक्षा तापलेला असेल तर उकळायची सुरुवात तिथूनच होते. पॅड झिजल्याचं दुःख पैशांचं. हे दुःख वेगळ्या जातीचं.

इथवर दोष ड्रायव्हरचा म्हणता येईल. ईएससी स्वतःहून खोड काढत नाही. गाडी सांगितल्या वाटेने जात असेल तर ती स्वस्थ असते. ज्याचं स्टिअरिंग मऊ, पाय सावकाश, त्याचे पॅड ईएससी चालू ठेवूनही टिकतात. धसमुसळ्या माणसाला मात्र कळतच नाही की आपली प्रत्येक चूक कोणीतरी मागून पुसतंय. तो गाडीतून उतरतो तेव्हा आपण शूमाकरच, अशी त्याची खात्री झालेली असते. त्याचं खरं प्रगतिपुस्तक चाकांत असतं, आणि ते बघतो मिस्त्री.

पण भोसरीच्या त्या मालकाने मला गाडीतलं चित्रण दाखवलं. पिवळा दिवा लुकलुकताना क्वचितच दिसत होता. पोरगा बरा चालवत होता. तरीही उजवा मागचा पॅड दोन मिलिमीटरवर. म्हणजे चूक नसतानाही कुणीतरी तिसरं पॅडल दाबत होतं. इथे कंपनीचा हिशेब पुढे येतो.

वळणात आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, बाहेरच्याला जास्त. त्यासाठी दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतो. साधा डिफरन्शियल भोळा असतो. वळणात आतलं चाक हलकं होऊन फिरकायला लागलं की इंजिनचा जोर तिकडेच वाया जातो. यावर जुना, पक्का उपाय म्हणजे आतल्या आत घर्षणाने किंवा दात्यांनी आवळला जाणारा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल. तो जड असतो, महाग असतो आणि त्याला जागा लागते. ईएससी सक्तीची झाल्यावर कुणाच्यातरी लक्षात आलं की एकेक चाक वेगळं आवळणारी यंत्रणा गाडीत आधीच बसलेली आहे, तिचे पैसेही वसूल झालेत. चार ओळी सॉफ्टवेअर वाढवलं की आतलं चाक ब्रेकने हलकेच धरता येतं, गाडी चपळ वळते आणि डिफरन्शियलचा खर्च वाचतो. २००९च्या गोल्फ जीटीआयमध्ये फोक्सवॅगनने याला एक्सडीएस नाव दिलं. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन-श्कोडाच्या गाड्यांच्या माहितीपत्रकातही हीच अक्षरं सापडतील. मॅक्लॅरनने तर २०११च्या आपल्या १२सी या रस्त्यावरच्या गाडीत लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल घातलाच नाही. १९९७ची ती बंदी आलेली युक्तीच सॉफ्टवेअरमध्ये भरून, ‘ब्रेक स्टिअर’ या नावासकट, अभिमानाने विकली. शर्यतीत जे स्टिअरिंग ठरलं, ते दुकानात पुन्हा ब्रेक झालं.

हे घसरताना सावरणं नव्हे. हे प्रत्येक वळणावर, गाडी पूर्ण ताब्यात असतानाही चालतं. बरेचदा दिवाही लागत नाही. रस्त्यावर मला याबद्दल काही तक्रार नाही, उलट गाडी वळायला खरोखर गोड होते. पण जी गाडी ‘ट्रॅकवर घडलेली’ म्हणून विकली जाते, तिच्यात डिफरन्शियलचं काम पॅडवर ढकलणं ही काटकसर कंपनीची आणि बिल गिऱ्हाइकाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. डिफरन्शियलचे पैसे एकदाच द्यावे लागतात. पॅडचे प्रत्येक ट्रॅकवारीला. कंपन्यांना हे कळत नाही असंही नाही. फोक्सवॅगननेच पुढे २०१३च्या जीटीआयच्या परफॉर्मन्स पॅकमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा खरा डिफरन्शियल लॉक दिला. पोर्शेने २०१५च्या केमन जीटी-४मध्ये ब्रेकची युक्ती ठेवली, पण सोबत यांत्रिक लॉकही दिला. म्हणजे ओझं दोघांत वाटलं गेलं.

मग ईएससी बंदच करावी का? ट्रॅकवरच्या गप्पांत हा सल्ला हमखास मिळतो. काही गाड्यांत बटण दाबून सावरणं बंद होतं पण ब्रेकने वळवणं चालूच राहतं, म्हणजे जे वाचवायचं ते वाचत नाही आणि जे वाचवणारं होतं ते गेलं. शिवाय एकदा गाडी भिंतीवर गेली तर त्या पैशांत जन्मभराचे पॅड येतात. (कायद्यानेही बटण कायमचं बंद ठेवता येत नाही, गाडी पुन्हा सुरू केली की यंत्रणा आपोआप जागी होते.) ज्यांना गाडी खरोखर कळते ते मधला ‘स्पोर्ट’ टप्पा वापरतात आणि दिवा लुकलुकला की स्वतःला विचारतात, मी आत्ता काय घाई केली?

पैसेवाल्यांचा उपाय म्हणजे कार्बन-सिरॅमिक डिस्क. पोर्शेने २००१च्या ९११ जीटी-२मध्ये त्या आणल्या, पिवळ्या कॅलिपरसकट. बिडाच्या डिस्कच्या निम्म्या वजनाच्या, आणि रस्त्यावर जवळपास अमर. पण ट्रॅकच्या सततच्या आगीत त्यांच्यातले कार्बनचे तंतू हळूहळू जळून जातात. डिस्कची जाडी तीच दिसते, आतून वजन घटतं. म्हणून त्या डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं आणि झीज बघायला चक्क तराजूवर ठेवतात, सोनाराकडच्यासारखं. एक डिस्क बदलण्याचा खर्च ऐकून ट्रॅकवर जाणारे अनेक मालक सिरॅमिकच्या डिस्क कपाटात ठेवतात आणि बिडाच्या बसवून घेतात. श्रीमंतीचीही झीज असते.

विजेच्या गाड्यांत हे सगळं पुन्हा फिरणार आहे. पोर्शे टायकान रोजच्या चालवण्यात सुमारे नव्वद टक्के ब्रेकिंग मोटरकडून करून घेते, असा कंपनीचा दावा आहे. तिथे पॅड झिजण्याआधी म्हातारे होतात. दोन चाकांना दोन मोटरी दिल्या की वळवायला ब्रेकची गरजही राहत नाही. तोवर मात्र पेट्रोलच्या स्पोर्ट्स कारचा मालक आणि त्याचा मिस्त्री यांना पॅड वाचता आले पाहिजेत. ते अवघड नाही. गाडी ट्रॅकवर नेण्याआधी चारही चाकांचे पॅड मोजून लिहून ठेवा, परत आल्यावर पुन्हा मोजा. आतल्या बाजूचं मागचं चाक जास्त गेलं असेल तर गाडी ब्रेकने वळवली जातेय, किंवा तुम्ही वळणात जास्त वेगाने शिरताय. बाहेरच्या बाजूचं पुढचं गेलं असेल तर मागची बाजू सुटतेय, पाय सांभाळा. ब्रेक ऑइल जायच्या आधी बदला, आल्यावर नव्हे. शेवटची फेरी ब्रेकला हात न लावता सावकाश मारा, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड डिस्कवर जागीच आपला ठसा सोडतो आणि मग ब्रेक दाबला की गाडी थरथरत राहते.

भोसरीच्या पोराने हे सगळं ऐकून घेतलं, वहीत नव्हे पण फोनमध्ये लिहूनही घेतलं. मग मागच्या पॅडची किंमत विचारली. एकटा उजव्या चाकाचाच जोड मिळेल का, असंही विचारलं. मिळत नाही. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलतात, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. डावीकडचे चार मिलिमीटरवाले पॅडही मिस्त्रीने उजवीकडच्यांबरोबर भंगाराच्या डब्यात टाकले.